संगणकाचा कॉल : कार्यालयीन दूरध्वनी यंत्रणेतील डेटा मॉड्यूल आणि त्याचे प्रपत्र

प्रास्ताविक

इतिहासाची साधने म्हटली की बखरी, सनदा, ताम्रपट, पत्रव्यवहार आणि दफ्तरे डोळ्यांसमोर येतात. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील कार्यालयाचा इतिहास लिहू पाहणाऱ्या अभ्यासकाला मात्र आणखी एका साधनाकडे वळावे लागते. ते साधन म्हणजे यंत्राच्या मांडणीचे प्रपत्र. तंत्रज्ञाने पडद्यावर उघडलेले, रकान्यारकान्याने भरलेले आणि शेवटी एक कळ दाबताच यंत्राच्या स्मृतीत गेलेले हे प्रपत्र कोणी वाङ्मय म्हणून वाचत नाही. तथापि कोणी कोणाशी बोलावे, कोणाला अडवावे, कोणाच्या संभाषणात व्यत्यय आणू नये याविषयी त्या काळाने जे गृहीत धरले होते, ते संस्थांच्या वार्षिक अहवालांपेक्षा या रकान्यांत अधिक स्पष्टपणे उमटलेले दिसते.

प्रस्तुत लेखात अशाच एका प्रपत्राचा विचार केला आहे. १९८० च्या दशकात अमेरिकेतील एटी अँड टी या कंपनीने कार्यालयांसाठी जे डिजिटल एक्स्चेंज बाजारात आणले, त्यांत ‘डेटा मॉड्यूल’ नावाचा एक घटक होता. टेबलावरील संगणक किंवा टर्मिनल आणि भिंतीतील टेलिफोनची तार यांच्या मध्ये बसणारी ही पेटी. ती जोडली म्हणजे काम संपत नसे. एक्स्चेंजच्या स्मृतीत तिची नोंद करावी लागे आणि त्या नोंदीचे स्वतंत्र प्रपत्र होते. (‘डेटा’ या शब्दासाठी विदा, आधारसामग्री, प्रदत्त असे प्रतिशब्द मराठीत योजले गेले; परंतु कार्यालयात कोणी ते उच्चारीत नाही, म्हणून येथे रूढ शब्दच ठेवला आहे.)

कार्यालयीन एक्स्चेंज आणि संगणकांचे स्थानिक जाळे यांच्या स्पर्धेत एक्स्चेंज हरले ते वेग कमी पडल्यामुळे, असे सर्वसाधारणपणे सांगितले जाते. हे विधान चुकीचे नाही, पण अपुरे आहे. जी गोष्ट हरली ती ‘डेटा म्हणजे एक कॉल’ ही कल्पना होय, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे आणि त्या कल्पनेचा सर्वांत विश्वसनीय पुरावा या प्रपत्रात आहे.

आवाजासाठी बांधलेले घर

१८७८ च्या जानेवारीत अमेरिकेतील न्यू हेवन येथे पहिले व्यापारी टेलिफोन एक्स्चेंज सुरू झाले, तेव्हा त्याचे ग्राहक अवघे २१ होते. भारतात १८८२ मध्ये कलकत्ता, मुंबई व मद्रास येथे एक्स्चेंज आले. मोठ्या कचेऱ्यांना लवकरच स्वतःच्या आवारातील बोलण्यासाठी स्वतःचा बोर्ड लागू लागला. बोर्डावर बसलेली ऑपरेटर, तिच्यासमोरच्या दोऱ्या आणि प्रत्येक टेबलाला दिलेला दोन-तीन आकडी क्रमांक, म्हणजे आपण ज्याला एक्स्टेन्शन म्हणतो तो, हे कार्यालयीन दूरध्वनीचे मूळ रूप होय. पुढे ऑपरेटरची जागा यंत्राने घेतली, परंतु क्रमांक राहिला. या क्रमांकाकडे आपल्याला पुन्हा यावयाचे आहे.

आवाजाचे आकड्यांत रूपांतर करण्याची कल्पना अॅलेक रीव्ह्ज या ब्रिटिश अभियंत्याने १९३७ मध्ये मांडली. सेकंदाला ८००० वेळा आवाजाची उंची मोजावयाची आणि प्रत्येक मोजणी ८ बिटांत लिहावयाची, या हिशेबाने एका आवाजाला ६४००० बिट लागतात. १९६२ मध्ये बेल कंपनीने या पद्धतीने २४ आवाज एकाच जोडणीवरून नेण्यास आरंभ केला. १९७५ च्या सुमारास नॉर्दर्न टेलिकॉमचे ‘एसएल-१’ आणि रोल्म कंपनीचे ‘सीबीएक्स’ अशी कार्यालयीन डिजिटल एक्स्चेंज बाजारात आली. ६४ किलोबिट हे माप मानवी कंठासाठी ठरलेले होते. संगणकाला ते मिळाले ते वारसाहक्काने.

एक्स्चेंजच्या पोटात आवाज आकडा झाला, तरी टेबलापर्यंत जाणारी तार जुन्याच पद्धतीने चालत राहिली आणि त्यातून एक विचित्र स्थिती निर्माण झाली. संगणकातील आकडे मोडेम नावाचे यंत्र शिट्ट्यांत बदली. त्या शिट्ट्या तारेवरून एक्स्चेंजपर्यंत जात. तेथे एक्स्चेंज त्यांना माणसाचा आवाज समजून पुन्हा आकड्यांत बदली. पहिले आकडे आणि दुसरे आकडे यांचा परस्परांशी काही संबंध नसे. सेकंदाला ६४००० बिट वाहू शकणाऱ्या मार्गावरून ३०० किंवा १२०० बिटांची माहिती जाई. घरचे धान्य बाजारात विकून त्याच पैशांनी तेच धान्य चढ्या भावाने परत आणावे, असा हा व्यवहार होता.

डेटा मॉड्यूलने हा वळसा बंद केला. एटी अँड टीच्या ‘सिस्टीम ८५’ (१९८३) व ‘सिस्टीम ७५’ (१९८४) या एक्स्चेंजांत टेबलापर्यंतची तारही डिजिटल झाली. त्या तारेवर एका क्षणी २० बिटांची एक तुकडी जाई. तीत ८ बिट एका मार्गाचे, ८ बिट दुसऱ्या मार्गाचे, एक बिट संकेतांचा आणि उरलेले तीन तुकडीची सीमा ओळखण्यासाठी असत. सेकंदाला अशा ८००० तुकड्या म्हणजे १६० किलोबिट. एका मार्गावर आवाज आणि दुसऱ्यावर संगणक अशी दोघांची सोय एकाच तारेवर लागली. फोनवर बोलत असतानाच टर्मिनलवर काम करता येऊ लागले.

त्या काळच्या कार्यालयप्रमुखाला याचे आकर्षण का वाटले, हे समजण्यासाठी तारांचा विचार करावा लागतो. मोठ्या संगणकाच्या प्रत्येक टर्मिनलसाठी स्वतंत्र जाड केबल ओढावी लागे. टर्मिनल जोडण्याची जी प्रमाणित पद्धत होती, तीत तारेची शिफारस केलेली लांबी ५० फूट होती. टेलिफोनची तार मात्र प्रत्येक टेबलापर्यंत आधीच पोहोचलेली होती आणि डेटा मॉड्यूल तिच्यावरून काही हजार फुटांपर्यंत माहिती नेऊ शके. भिंती फोडावयाच्या नाहीत, छत उघडावयाचे नाही, हा युक्तिवाद कोणत्याही खर्च-मंजुरी समितीला पटण्यासारखा होता.

यामागे आणखी एक कारण आहे आणि ते राजकीय-कायदेशीर स्वरूपाचे आहे. १९५६ च्या न्यायालयीन तडजोडीनुसार एटी अँड टीला दूरध्वनीबाहेरच्या, म्हणजेच संगणकाच्या, व्यवसायात उतरण्यास मनाई होती. १९८२ च्या नव्या तडजोडीने ती उठली आणि १ जानेवारी १९८४ रोजी कंपनीचे विभाजन होऊन स्थानिक टेलिफोन कंपन्या तिच्यापासून वेगळ्या झाल्या. जवळजवळ तीस वर्षे संगणकाच्या बाजाराबाहेर उभी असलेली ही संस्था त्या बाजारात शिरताना संगणकाकडे टेलिफोनच्या नजरेने पाहील, यात नवल नव्हते. दुसऱ्या बाजूने आयबीएमने १९८४ मध्ये रोल्म विकत घेतली, म्हणजे संगणकाच्या बाजूलाही एक्स्चेंज हेच भावी कार्यालयाचे केंद्र वाटत होते. दशक संपण्यापूर्वीच आयबीएमने तो व्यवसाय सीमेन्सकडे सोपविण्याचे ठरविले.

प्रपत्राचे वाचन

आता प्रत्यक्ष प्रपत्राकडे वळू. १९८० च्या दशकाच्या अखेरीस आलेल्या ‘डेफिनिटी’ या मालिकेत डेटा मॉड्यूल जोडण्यासाठी तंत्रज्ञ एक आज्ञा देई आणि पडद्यावर प्रपत्र उघडे. पहिला रकाना डेटा एक्स्टेन्शनचा. संगणकालाही क्रमांक हवा. कारण ज्याला क्रमांक नाही, त्याला एक्स्चेंजच्या जगात अस्तित्वच नाही. त्यानंतर प्रकार, पोर्ट म्हणजे एक्स्चेंजच्या कपाटातील नेमकी जागा, आणि मग नाव. संगणकाचे नाव माणसाच्या नावासाठी ठेवलेल्या रकान्यात लिहावयाचे, आणि तेच नाव समोरच्याच्या फोनवर उमटावयाचे.

पुढे तीन लहान रकाने येतात आणि त्यांत कार्यालयाची सारी उतरंड सामावलेली आहे. सेवावर्ग, निर्बंधवर्ग आणि भाडेकरू क्रमांक. सेवावर्गात कोणत्या सोयी वापरता येतील हे ठरे. निर्बंधवर्गात कोण कोणाला कॉल करू शकेल हे ठरे. आणि एकाच इमारतीत अनेक संस्था एकच एक्स्चेंज वापरीत असतील, तर त्यांना परस्परांपासून वेगळे ठेवण्याचे काम भाडेकरू क्रमांक करी. आपल्याकडच्या कार्यालयांत टेलिफोनच्या तबकडीला छोटे कुलूप लावण्याची आणि त्याची किल्ली हेडक्लार्कच्या खणात ठेवण्याची पद्धत ज्यांनी पाहिली आहे, त्यांना निर्बंधवर्ग समजावून सांगण्याची गरज नाही. नवे एवढेच, की हे कुलूप आता संगणकालाही लागले. लेखा विभागाच्या टर्मिनलने भांडाराच्या संगणकाला फोन करावा की नाही, हा निर्णय संगणक विभागाचा नव्हता; तो टेलिफोन सांभाळणाऱ्या माणसाच्या हातात होता.

सर्वांत बोलका भाग टर्मिनल जोडण्याच्या प्रपत्रात, दुसऱ्या पानावर येतो. येथे वेगांची यादी आहे : ३००, १२००, २४००, ४८००, ९६००, १९२००. प्रत्येकासमोर होय किंवा नाही. त्याखाली समता-बिट सम की विषम, दोन टोकांचे वेग जुळत नसले तरी चालवून घ्यावे काय, असे प्रश्न. चुकीचे उत्तर भरले तर पडद्यावर अर्थहीन चिन्हांची रांगोळी उमटे आणि दोष तारेचा की संगणकाचा की प्रपत्राचा, यावर दोन विभागांत वाद होई.

याच पानावर ‘कळफलकावरून डायलिंग’ असा एक रकाना आहे. तो ‘होय’ केला म्हणजे टर्मिनलवर बसलेल्या माणसाला एक कळ दाबताच पडद्यावर डायल करण्याची सूचना दिसे. तो क्रमांक टंकित करी. मग पडद्यावर घंटा वाजत असल्याचे, उत्तर मिळाल्याचे किंवा लाइन व्यस्त असल्याचे शब्द येत. टेलिफोनचे कान जाऊन तेथे डोळे आले, पण विधी तोच राहिला. कॉल संपविण्याचीही रीत होती : ‘ब्रेक’चा संकेत दोन सेकंदांहून अधिक काळ धरून ठेवावा किंवा एका सेकंदाच्या आत दोनदा द्यावा, यांपैकी काय मानावयाचे ते प्रपत्रात निवडावे लागे. रिसीव्हर खाली ठेवण्याच्या हालचालीचे हे लेखी भाषांतर होते.

परंतु समोर माणूस नसून संगणकच असेल तर? ‘घंटा वाजत आहे’ हे शब्द संगणकाला कळत नाहीत. तो ते शब्द आलेली माहितीच समजून गोंधळात पडतो. म्हणून ‘उत्तराचा मजकूर’ दाखवावा काय आणि डायल केलेले आकडे पडद्यावर उमटवावेत काय, असे दोन रकाने ठेवले होते. टोकाला संगणक असेल तर दोन्हींना ‘नाही’ असे भरावयाचे. समोर कोण आहे, बोलणारा माणूस की उत्तर देणारे यंत्र, हा प्रश्न एक्स्चेंजला या जागी प्रथमच विचारावा लागला आणि त्याचे उत्तर एका होय-नाहीत बसविण्यात आले.

आणखी दोन तरतुदी उल्लेखनीय आहेत. पहिली ‘डेटा-गोपनीयता’. माणूस बोलत असताना दुसरा कॉल आल्याची सूचना देणारा बारीक स्वर मध्येच वाजला, तर फारसे बिघडत नाही. मोडेमवरून माहिती जात असताना तोच स्वर वाजला तर आकडे बिघडतात. म्हणून डेटासाठी ठेवलेल्या एक्स्टेन्शनवर असे स्वर व वरिष्ठांना मध्येच लाइनवर येण्याची मुभा बंद करता येई. कार्यालयात साहेबालाही ज्याच्या बोलण्यात शिरता येत नाही असा पहिला कर्मचारी संगणक ठरला, असे गमतीने म्हणता येईल. दुसरी तरतूद ‘हॉटलाइन’ची : जे टर्मिनल रोज एकाच संगणकाला जोडावयाचे, त्याने सुरू होताच तोच क्रमांक आपोआप फिरवावा. सोय म्हणून ती उत्तमच होती. परंतु जेथे रोज तोच कॉल, त्याच वेळी, त्याच ठिकाणी लावावा लागतो, तेथे त्याला कॉल का म्हणावे, हा प्रश्न तीत दडलेला होता.

तीन मिनिटे आणि आठ तास

डेन्मार्कचे गणितज्ञ ए. के. एर्लांग यांनी १९०९ व १९१७ च्या आपल्या निबंधांत टेलिफोनच्या वर्दळीचे गणित मांडले. सर्वजण एकाच वेळी बोलत नाहीत, प्रत्येक संभाषण काही मिनिटांत संपते. म्हणून हजार ग्राहकांसाठी हजार मार्ग लागत नाहीत. एक्स्चेंजचे सारे अर्थशास्त्र या अनुभवावर उभे आहे. एखादे संभाषण सरासरी तीन मिनिटांचे धरले, तर सकाळी जोडलेले आणि आठ तासांनी सोडलेले एक टर्मिनल १६० संभाषणांची जागा अडवते. आणि या आठ तासांत प्रत्यक्ष माहिती किती वेळ वाहते? लिपिक कागद पाहतो, विचार करतो, चहाला जातो. मार्ग अडलेला आणि रिकामा. एक्स्चेंजला मौन ओळखता येत नव्हते. त्याच्या दृष्टीने कॉल एक तर चालू असे किंवा संपलेला.

झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात १९७३ पासून विकसित झालेल्या आणि १९८३ मध्ये प्रमाणित झालेल्या इथरनेटने नेमकी उलट भूमिका घेतली. तेथे कॉल नाही, घंटा नाही, जोडणे-सोडणे नाही. ज्याला काही सांगावयाचे आहे त्याने माहितीचा तुकडा पत्ता लिहून सामायिक तारेवर सोडावा. वेगाचा फरक तर होताच. एक मेगाबाइटची फाइल ९६०० च्या वेगाने जाण्यास सुमारे १८ मिनिटे लागत, पूर्ण ६४ किलोबिट मिळाले तरी दोन मिनिटांहून अधिक. इथरनेटच्या १० मेगाबिटांवर तिला, हिशेबापुरते का होईना, एक सेकंदही पुरे.

तरीही इथरनेटचा प्रसार खऱ्या अर्थाने कधी झाला, हे पाहणे उद्बोधक आहे. जाड केबल टेबलोटेबली फिरविण्याची त्याची मूळ पद्धत त्रासाची होती. १९९० मध्ये टेलिफोनसारख्याच पिळाच्या जोडतारेवर, आणि टेलिफोनसारखीच प्रत्येक टेबलापासून एका मध्यवर्ती खोलीपर्यंत जाणाऱ्या मांडणीत, इथरनेट चालविण्याचे प्रमाण निश्चित झाले आणि चित्र पालटले. या मार्गावरचे आरंभीचे एक पाऊल, ‘स्टारलॅन’, एटी अँड टीनेच टाकले होते. म्हणजे तारेविषयी टेलिफोनवाल्यांचे म्हणणे अखेर खरे ठरले. तार तीच राहिली, खोली तीच राहिली, काही वेळा तंत्रज्ञही तोच राहिला. गेली ती फक्त कॉलची कल्पना. केवळ वेगाच्या आकड्यांवरून हा इतिहास लिहिणाऱ्यांच्या नजरेतून ही गोष्ट निसटते.

प्रपत्राने मात्र हार मानली नाही. १९९० च्या दशकाच्या अखेरीस डेफिनिटीमध्ये इथरनेटची जोडणी देणारे कार्ड आले. त्याची नोंद कशी करावयाची? डेटा मॉड्यूल म्हणूनच. प्रकाराच्या रकान्यात ‘इथरनेट’ असे भरावयाचे, पोर्ट म्हणून कार्डावरची सतरावी जागा द्यावयाची, लिंकचा क्रमांक लिहावयाचा आणि सर्वांत आधी, त्याला एक एक्स्टेन्शन क्रमांक द्यावयाचा. ज्या जाळ्यात कोणी कोणाला फोन करीत नाही, त्या जाळ्याच्या दारावरही टेलिफोनचा क्रमांक लागला. २००० मध्ये हा व्यवसाय अव्हाया या नव्या कंपनीकडे गेला, तरी प्रपत्राचा साचा तोच राहिला. भाषाशास्त्रात अर्थ लोपल्यावरही टिकून राहणाऱ्या प्रत्ययांची उदाहरणे आढळतात. हा त्याच जातीचा अवशेष होय.

भारतीय संदर्भ

भारतात ही कथा वेगळ्या वाटेने गेली. १९८४ हे वर्ष येथेही निर्णायक ठरले. त्या वर्षी ग्राहकाच्या टोकाकडील दूरध्वनी उपकरणांचे उत्पादन खाजगी क्षेत्राला खुले झाले आणि ऑगस्टमध्ये सी-डॉट या संस्थेची स्थापना झाली. तिच्यामागील प्रमुख प्रेरणा असलेले सॅम पित्रोदा अमेरिकेत वेसकॉम कंपनीत डिजिटल स्विचिंगच्या कामातूनच पुढे आले होते. १२८ पोर्टांच्या सी-डॉट रचनेतील ग्रामीण एक्स्चेंज १९८६ मध्ये कर्नाटकातील कित्तूर येथे सुरू झाले. वातानुकूलनाशिवाय चालणाऱ्या या यंत्राचे कौतुक सर्वत्र झाले. त्याच क्षमतेचे कार्यालयीन रूप, म्हणजे ईपीएबीएक्स, तयार करण्याचे परवाने अनेक भारतीय उत्पादकांना देण्यात आले. एक्स्चेंजच्या आत डिजिटल, टेबलापर्यंत मात्र साधी तार, अशी ही रचना होती आणि बोलण्याची टंचाई असलेल्या देशात ती योग्यच होती. आपल्या बहुसंख्य कार्यालयांना डेटा मॉड्यूल भेटलाच नाही. त्यांना मोडेम भेटला, आणि १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने इंटरनेट सेवा सुरू केल्यावर तो घरोघरीही जाऊ लागला.

निर्बंधवर्गाची कल्पना मात्र भारतात अनपेक्षित रीतीने मोठी झाली. १ एप्रिल २००२ पासून इंटरनेटवरील दूरध्वनीला मर्यादित परवानगी मिळाली, तरी कंपनीच्या खाजगी जाळ्यावरून आलेला कॉल सार्वजनिक टेलिफोन यंत्रणेत सोडण्यास बंदी होती, कारण त्यामुळे दूर अंतराच्या कॉलचे उत्पन्न बुडाले असते. परिणामी एकाच एक्स्चेंजचे आतल्या आत दोन भाग पाडावे लागत आणि हे भाग परस्परांशी बोलणार नाहीत याची हमी द्यावी लागे. ‘लॉजिकल पार्टिशनिंग’ या नावाने ओळखली जाणारी ही अट पुणे, मुंबई, बंगळूर येथील कॉल सेंटरच्या अभियंत्यांना पाठ असे. प्रपत्रातील एक लहानसा रकाना चुकला तर तो तांत्रिक दोष न राहता परवान्याचा भंग ठरे. नोव्हेंबर २०२० व जून २०२१ मध्ये सरकारने या क्षेत्राचे नियम बऱ्याच अंशी शिथिल केले. तोवर सुमारे दोन दशके राज्याचे महसूल-धोरण एक्स्चेंजच्या रकान्यांत लिहिले जात होते, आणि या काळाचा आर्थिक इतिहास लिहिणाऱ्यास ते रकाने पाहावेच लागतील.

ते पाहावयास मिळतील काय, ही खरी अडचण आहे. एक्स्चेंजच्या स्मृतीतील नोंदी यंत्र बंद होताच व्यवहारातून जातात. त्यांची प्रत असलेली टेप वा चकती वाचणारे यंत्र उरत नाही. आणि छापील पुस्तिका ग्रंथालयात कधी दाखल झालेल्याच नसतात. काही वर्षांपूर्वी एका कार्यालयात जुना ईपीएबीएक्स उतरविला जात असताना प्रस्तुत लेखक तेथे उपस्थित होता. कपाटाच्या तळाशी ‘प्रोग्रामिंग रजिस्टर’ असे लिहिलेली एक लांबट वही सापडली. डावीकडे एक्स्टेन्शन क्रमांक, मध्ये नाव, उजवीकडे ‘एसटीडी होय/नाही’. निवृत्त झालेल्यांची नावे खोडून त्यांच्याच ओळीत नव्यांची नावे लिहिलेली होती, तेव्हा त्या वहीवरून कोणाला केव्हा बढती मिळाली हेही काढता आले असते. एका ओळीत नावाच्या जागी फक्त ‘मोडेम’ असे होते आणि पुढे लाल शाईने सूचना होती : कॉल वेटिंग बंद ठेवणे, ऑपरेटरने मध्ये येऊ नये. डेटा-गोपनीयतेची ती मराठी आवृत्ती होती. ती लिहिणाऱ्याने परदेशी पुस्तिका पाहिली असण्याचा संभव फार थोडा.

वही मागितली असता ती भंगाराच्या यादीत यंत्रासह नोंदली गेल्याने देता येणार नाही, असे सांगण्यात आले. वाहन येईपर्यंत दीड तास होता. तेवढ्या वेळात अकरा पाने उतरवून घेता आली.